दुर्बल गुरुत्वीय भिंगप्रभावाची भावी वेधसाधने

दूरच्या दीर्घिकांकडून येणारा प्रकाश वाटेतील वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणामुळे किंचित वळतो आणि त्यामुळे त्या दीर्घिकांच्या प्रतिमांचे आकार अत्यल्प प्रमाणात बदलतात. या परिणामास दुर्बल गुरुत्वीय भिंगप्रभाव असे म्हणतात. एकट्यादुकट्या दीर्घिकेकडे पाहून हा बदल ओळखता येत नाही. हजारो किंवा लाखो प्रतिमांची सरासरी घेतली तरच तो दिसतो. विश्वातील बहुतांश द्रव्य हे प्रकाश न देणारे कृष्णद्रव्य असल्यामुळे, ते कोठे आणि किती आहे हे थेट वस्तुमानावरूनच सांगणारी ही पद्धत विश्वरचनाशास्त्रात महत्त्वाची मानली जाते.

इ.स. २०२० नंतरच्या दशकात या अभ्यासासाठी चिलीमधील व्हेरा रुबिन वेधशाळा, युरोपीय अवकाश संस्थेची युक्लिड दुर्बीण, नासाची नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बीण, स्क्वेअर किलोमीटर ॲरे हा रेडिओ प्रकल्प आणि गुरुत्वीय लहरींचे नवे शोधक अशी साधने उभी राहत आहेत. महाराष्ट्राचा या विषयाशी तीन ठिकाणी संबंध येतो. पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्रात (आयुका) प्रत्यक्ष भिंगमापनाचे काम होते. नांदेड व लातूर येथे दीर्घिकासमूहांतील तप्त वायूवर झालेले संशोधन भिंगमापनातील एका मोठ्या अनिश्चिततेला स्पर्श करते. आणि हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा शोधक उभारण्यात येत आहे.

## संकल्पना

सूर्याच्या कडेला चाटून जाणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ विकला इतका वळावा, असे सामान्य सापेक्षता सिद्धांत सांगतो. २९ मे १९१९ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणात आर्थर एडिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या वेधांनी या भाकिताला पहिला आधार दिला. सूर्याऐवजी एखादा दीर्घिकासमूह मध्ये असेल, तर मागच्या दीर्घिकेच्या अनेक प्रतिमा किंवा लांबट कमानी दिसतात. तो प्रबल भिंगप्रभाव होय. तो डोळ्यांना दिसतो, पण विरळा असतो. दुर्बल भिंगप्रभाव आकाशात सर्वत्र असतो आणि डोळ्यांना कोठेच दिसत नाही.

हौदाच्या तळाशी बसवलेल्या चौकोनी फरश्या हलत्या पाण्यातून वेड्यावाकड्या दिसतात. फरश्या मुळात चौकोनी आहेत हे ठाऊक असल्याने त्यांच्या वाकडेपणावरून पाण्याच्या पृष्ठभागाचा चढउतार काढता येतो. दीर्घिकांच्या बाबतीत अडचण अशी की, फरश्या मुळातच नाना आकारांच्या आहेत. एखाद्या दीर्घिकेचा लंबवर्तुळाकारपणा साधारणतः ०.३ असतो, तर भिंगप्रभावाने त्यात पडणारी भर ०.०१ किंवा त्याहूनही कमी असते. मूळ आकारांच्या दिशा परस्परांशी निगडित नाहीत असे गृहीत धरले, तर अनेक दीर्घिकांची सरासरी घेताना मूळ आकार एकमेकांना छेदून जातात आणि सर्वांना समान असलेला ताण शिल्लक राहतो. या ताणास कर्तन म्हणतात. ९०० दीर्घिकांच्या सरासरीत उरणारा गोंगाट ०.०१, म्हणजे संकेताइतकाच असतो. १०,००० दीर्घिका घेतल्या तर तो ०.००३ वर येतो. दीर्घिकांची संख्या शंभर पटींनी वाढवली की गोंगाट दहा पटींनी घटतो. दर पिढीत दुर्बिणींची दृष्टिक्षेत्रे मोठी करण्याचा आग्रह या साध्या हिशेबातून आला आहे.

## पूर्वेतिहास

दीर्घिका भिंगांप्रमाणे वागू शकतील, हे फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ मध्ये सुचवले होते. पहिले प्रत्यक्ष उदाहरण १९७९ मध्ये मिळाले. डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल व रे वेमन यांना एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा शेजारीशेजारी आढळल्या.

त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे व जयंत नारळीकर यांनी वेगळ्याच एका कोड्यासाठी गुरुत्वीय भिंगाचा आधार घेतला होता. काही क्वेसारांमधील रेडिओ घटक प्रकाशापेक्षा अधिक वेगाने एकमेकांपासून दूर जाताना भासतात. मध्ये असलेल्या दीर्घिकेच्या गुरुत्वीय पडद्यामुळे ही गती फुगवून दिसत असावी, असे त्यांनी सुचवले. हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. पृथ्वीच्या दिशेने जवळजवळ प्रकाशवेगाने येणाऱ्या झोतांचे स्पष्टीकरण सर्वमान्य झाले. मात्र भिंगांची गणिती प्रतिरूपे बांधण्याची परंपरा संस्थेत चालू राहिली. डी. नरसिंहा, के. सुब्रमण्यन व चित्रे यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अनेक प्रतिमा दिसणाऱ्या क्वेसारांसाठी अशी प्रतिरूपे प्रसिद्ध केली. हे सर्व काम प्रबल भिंगांवरचे होते.

दुर्बल भिंगप्रभाव प्रथम १९९० मध्ये अँथनी टायसन व सहकाऱ्यांना दीर्घिकासमूहांच्या पार्श्वभूमीवर दिसला. समूहापासून दूर, मोकळ्या आकाशातील विश्वीय कर्तनाचा वेध २००० साली चार गटांनी स्वतंत्रपणे घेतला. विषय विश्वरचनाशास्त्राचे मोजमापाचे साधन बनला तो तेथपासून.

## हायपर सुप्रीम-कॅम आणि आयुका

हवाई बेटावरील मौना केआ येथील ८.२ मीटर व्यासाच्या सुबारू दुर्बिणीवर हायपर सुप्रीम-कॅम हा सुमारे ८७ कोटी चित्रबिंदूंचा कॅमेरा बसवलेला आहे. त्याच्या सर्वेक्षणाच्या तिसऱ्या वर्षापर्यंतच्या विदेचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ४२० चौरस अंश आकाशातील अडीच कोटी दीर्घिकांचे आकार त्यासाठी वापरण्यात आले. या आंतरराष्ट्रीय गटात आयुकाचे सुरहुद मोरे यांचा प्रमुख सहभाग होता. एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांपैकी दीर्घिकांची दाटी व त्यांच्याभोवतीचे भिंगमापन यांवरील निबंधाचे ते प्रथम लेखक आहेत.

अशा विश्लेषणाचे फलित एस-८ नावाच्या एका संख्येत सांगण्याची प्रथा आहे. विश्वातील द्रव्य आज किती गुठळलेले आहे, याचे ते माप होय. हायपर सुप्रीम-कॅमच्या विश्लेषणातून ते सुमारे ०.७७६ आले. विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचे असतानाच्या सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाचे प्लँक उपग्रहाने जे मापन केले, त्यावरून आजचे भाकीत काढल्यास ते सुमारे ०.८३ येते. फरक लहान दिसतो. तो खरा असेल, तर गुठळ्या होण्याचा वेग अपेक्षेपेक्षा मंद आहे आणि कृष्णऊर्जा, न्यूट्रिनो किंवा खुद्द गुरुत्वाकर्षण यांविषयीच्या समजुतीत काहीतरी राहून गेले आहे.

मार्च २०२५ मध्ये युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या किलो-डिग्री सर्वेक्षणाचे अंतिम विश्लेषण आले. त्यात एस-८ चे मूल्य ०.८१५ मिळाले आणि ते प्लँकशी जुळते. त्याच सर्वेक्षणाची आधीची मूल्ये कमी होती. बदलाचे मोठे कारण दीर्घिकांच्या अंतरांचे सुधारलेले मापन हे होते. नवे भौतिक तत्त्व शोधायचे की मोजपट्टी तपासायची, हा या क्षेत्रातील कळीचा प्रश्न आहे आणि पुढील साधनांचे मूल्य त्याच कसोटीवर ठरते. केवळ अधिक दीर्घिका मिळाल्याने हा वाद मिटणार नाही.

## मापनातील त्रुटी

दुर्बिणीतून ताराही बिंदूसारखा दिसत नाही. वातावरण, आरसे आणि शोधक त्याचा लहानसा डाग करतात. त्या डागाचा आकार प्रत्येक दीर्घिकेच्या प्रतिमेत मिसळलेला असतो. चित्रातील ताऱ्यांवरून डागाचा आकार काढून तो दीर्घिकांच्या प्रतिमेतून वजा करावा लागतो. युक्लिडसारख्या मोहिमेत कर्तनाच्या मापनातील गुणक त्रुटी हजारात सुमारे २ इतकीच राहावी, अशी अट घालण्यात आली आहे.

शोधकांचेही स्वभाव असतात. जाड सिलिकॉनच्या शोधकांत तेजस्वी ताऱ्याचा डाग मंद ताऱ्याच्या डागापेक्षा किंचित फुगतो, कारण आधी जमलेला विद्युतभार नंतर येणाऱ्या भारास बाजूला ढकलतो. म्हणजे ज्या ताऱ्यांवरून डाग मोजायचा, तेच मंद दीर्घिकांच्या तुलनेत फसवे ठरतात. अवकाशातील शोधकांवर किरणोत्साराचे आघात होऊन भार वाहून नेताना थोडा मागे राहतो व प्रतिमेला एका दिशेने शेपूट फुटते. हुबेहूब कर्तनासारखेच.

जमिनीवरून घेतलेल्या खोल चित्रांत दीर्घिका एकमेकींवर चढलेल्या दिसतात. हायपर सुप्रीम-कॅमच्या चित्रांत निम्म्याहून अधिक वस्तूंची शेजाऱ्याशी सरमिसळ झालेली आढळली. यावर एक चतुर उपाय वापरला जातो. मिळालेल्या प्रतिमेलाच संगणकावर ठाऊक असलेला कृत्रिम ताण द्यायचा आणि मोजणीची रीत त्याला कितपत प्रतिसाद देते ते पाहून दुरुस्ती करायची.

अंतरांचा प्रश्न त्याहून कठीण आहे. कोट्यवधी दीर्घिकांचे वर्णपट घेणे शक्य नसल्याने पाच-सहा रंगांतील तेजावरून त्यांची ताम्रसृती अदमासाने काढली जाते. या अंदाजाचा ताळा पाहण्यासाठी सुबारू दुर्बिणीवरील सुमारे २,४०० तंतूंच्या वर्णपटमापकासारखी साधने उपयोगी पडतील. शिवाय जवळजवळच्या दीर्घिका एकाच गुरुत्वक्षेत्रात वाढल्यामुळे मुळातच एका दिशेला झुकलेल्या असू शकतात, आणि मग ‘मूळ आकार एकमेकांना छेदतात’ हे गृहीतकच डळमळते.

## दृश्य व अवरक्त प्रकाशातील साधने

चिलीतील सेरो पाचोन पर्वतावरील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे २३ जून २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. तिचा मुख्य आरसा ८.४ मीटर व्यासाचा असून कॅमेरा ३२० कोटी चित्रबिंदूंचा आहे. एका चित्रात पौर्णिमेचे सुमारे ४५ चंद्र मावतील एवढे आकाश येते. दहा वर्षांत सुमारे १८,००० चौरस अंश आकाशाची प्रत्येक जागा सुमारे ८०० वेळा टिपण्याची योजना आहे. भिंगमापनाच्या दृष्टीने यातील वारंवारता आकाराइतकीच मोलाची आहे: तीच दीर्घिका वेगवेगळ्या रात्री, कॅमेऱ्याच्या वेगवेगळ्या भागांवर आणि वेगवेगळ्या कोनांतून टिपली गेली, तर वातावरणाचे व उपकरणाचे दोष ओळखून वेगळे काढता येतात.

युक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी अवकाशात गेली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून ती सहा वर्षांत सुमारे १४,००० चौरस अंश आकाश पाहणार आहे. तिचा आरसा अवघा १.२ मीटरचा असला, तरी वर वातावरण नसल्याने प्रतिमा स्थिर व रेखीव असतात. दुर्बल भिंगमापन हेच उद्दिष्ट ठेवून रचना झालेली ही पहिली अवकाश दुर्बीण म्हणता येईल. अशा नाजूक कामात काय वाट्याला येते, हे तिच्या पहिल्याच वर्षात दिसले. आतील पृष्ठभागांवर बर्फाचा अतिशय पातळ थर साचून ताऱ्यांचे तेज घटू लागले. मार्च २०२४ मध्ये केवळ एका आरशाचे तापमान उणे १४७ अंशांवरून उणे ११३ अंशांपर्यंत वाढवण्यात आले आणि दृष्टी पूर्ववत झाली. सगळी दुर्बीण तापवली असती तर आरशांची मांडणी किंचित हलण्याचा धोका होता.

नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीचा आरसा हबल दुर्बिणीएवढाच, २.४ मीटरचा आहे. दृष्टिक्षेत्र मात्र शंभर पट मोठे आहे. मे २०२७ पर्यंत तिचे प्रक्षेपण नियोजित आहे. ती अवरक्त प्रकाशात आकार मोजणार असल्याने तिच्या शोधकांची रचना युक्लिडच्या शोधकांहून वेगळी आहे आणि त्यामुळे त्यांच्या त्रुटीही वेगळ्या असतील. एकाच आकाशाकडे तीन निराळ्या साधनांनी पाहण्याचा खरा लाभ हा आहे.

## नांदेड व लातूर येथील दीर्घिकासमूहांचा अभ्यास

लहान अंतरांवरील भिंगप्रभावाचा अर्थ लावताना आणखी एक अडसर येतो. कृष्णद्रव्य केवळ गुरुत्वाकर्षणाला मानते, त्यामुळे त्याचे संगणकीय प्रतिरूप बांधणे तुलनेने सोपे आहे. साधे द्रव्य, म्हणजे वायू व तारे, तसे वागत नाही. मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरे झोत सोडून भोवतालचा वायू तापवतात आणि दूर लोटतात. या लोटण्यामुळे द्रव्याच्या गुठळ्या सैल पडतात. एस-८ कमी भरण्याचे एक संभाव्य कारण म्हणून या प्रक्रियेकडे पाहिले जाते. ती किती प्रबल आहे हे ठाऊक नसेल, तर लहान अंतरांवरील विदा टाकून द्यावी लागते, आणि संकेताचा मोठा वाटा तर तेथेच असतो.

कृष्णविवराच्या झोतांनी वायूत पाडलेल्या पोकळ्या क्ष-किरण चित्रांत दिसतात. पोकळीचा आकार व भोवतालच्या वायूचा दाब यांवरून ती फुगवण्यास किती ऊर्जा लागली असेल, याचा हिशेब मांडता येतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भौतिकशास्त्र संकुलातून चंद्रा क्ष-किरण वेधशाळेच्या विदेवर आधारित असे अनेक शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. एबेल १९९१ (२०१३) आणि एबेल २३९० (२०१५) या समूहांवरील निबंध त्यांपैकी होत. लातूरच्या दयानंद विज्ञान महाविद्यालयातूनही दीर्घिकासमूहांच्या क्ष-किरण अभ्यासाचे काम झाले आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात.

हे संशोधन भिंगमापनाचे नव्हे, तरीही दोन्ही वाटा एबेल २३९० पाशी एकत्र येतात. सुमारे २७० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला हा समूह युक्लिडने आरंभीच्या निवडक लक्ष्यांत घेतला व त्याचे चित्र २३ मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. त्यात ५०,००० हून अधिक दीर्घिका मोजता येतात आणि भिंगप्रभावाच्या कमानी स्पष्ट दिसतात. याच वेधांवरून समूहाच्या वस्तुमानाचे दुर्बल भिंगमापनही करण्यात आले. क्ष-किरणांवरून वस्तुमान काढताना वायू शांत व समतोल आहे असे धरावे लागते. भिंगमापनास असे काही धरावे लागत नाही. ज्या समूहात पोकळ्या व तापमानातील अचानक बदल दाखवून वायू अशांत असल्याचे सिद्ध झाले आहे, तेथे दोन्ही आकड्यांची तुलना विशेष बोलकी ठरते. क्ष-किरणांनी काढलेले वस्तुमान सामान्यतः कमी भरते, आणि ते किती कमी भरते हे ठरवणे हे येत्या सर्वेक्षणांचे एक जाहीर उद्दिष्ट आहे.

## रेडिओ साधने

रेडिओ दुर्बिणीत प्रतिमेचा डाग वातावरणावर फारसा अवलंबून नसतो. ॲंटेना कोठे आहेत यावरून तो आधीच काढता येतो. शिवाय रेडिओ प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा भिंगप्रभावाने बदलत नाही व ती बहुधा दीर्घिकेच्या मूळ ठेवणीशी निगडित असते. त्यामुळे मूळ आकाराची दिशा स्वतंत्रपणे कळण्याची शक्यता निर्माण होते. दीर्घिकेच्या फिरण्याचा वेग मोजूनही हाच हेतू साधता येतो, कारण फिरणाऱ्या तबकडीची एक बाजू जवळ येत असते व दुसरी दूर जात असते, आणि भिंगप्रभाव या वेगांच्या नकाशाला विशिष्ट प्रकारे तिरका करतो. फरशीचा मूळ आकार कळला की हजारो फरश्या मोजण्याची गरज उरत नाही.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) या कामास पुरत नाही. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेना सुमारे २५ किलोमीटर अंतरात पसरल्या आहेत. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर त्यांची विभेदनक्षमता दीड-दोन विकला येते, आणि दूरच्या दीर्घिकांचा आकार साधारण एक विकला किंवा त्याहून कमी असतो. दक्षिण आफ्रिकेत उभारल्या जात असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरेच्या १९७ ॲंटेना १५० किलोमीटरपर्यंत पसरतील. त्याच तरंगलांबीवर तिची विभेदनक्षमता सुमारे ०.३ विकला असेल. भारत या प्रकल्पात सहभागी असून केंद्र सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. भारतीय सहभागाचे नेतृत्व पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र करते.

रेडिओ कर्तनाचा वेध २००४ मध्ये अमेरिकेतील व्हेरी लार्ज ॲरेच्या विदेतून मिळाला होता. रेडिओत दिसणाऱ्या दीर्घिकांची संख्या मात्र दृश्य प्रकाशाच्या मानाने फार कमी आहे. त्यामुळे ही साधने एकट्याने निकाल देण्यापेक्षा प्रकाशीय मापनांचा ताळा घेण्यास अधिक उपयोगी पडतील.

## गुरुत्वीय लहरी आणि लायगो-इंडिया

आतापर्यंतच्या सर्व साधनांत दीर्घिकांचे आकार मोजले जातात. गुरुत्वीय लहरींना आकार नसतो. असतो तो आयाम. दोन कृष्णविवरे किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळताना निघणाऱ्या लहरींच्या वारंवारतेतील बदलावरून त्यांचा मूळ जोर सांगता येतो आणि पोचलेल्या आयामावरून अंतर कळते. वाटेतील द्रव्याने प्रकाशाप्रमाणेच लहरींचेही वर्धन होते. वर्धन ४ टक्के असेल, तर आयाम २ टक्क्यांनी वाढतो आणि स्रोत २ टक्क्यांनी जवळ भासतो. ज्या दीर्घिकेत घटना घडली ती ओळखून तिची ताम्रसृती मोजली, तर अपेक्षित अंतराशी तुलना करता येते. अशा अनेक घटनांच्या अंतरांतील विखुरणे हाच दुर्बल भिंगप्रभावाचा संकेत. त्यात डाग, शोधकाचा फुगवटा, दीर्घिकांची सरमिसळ यांतले काही येत नाही.

लहरींचे वर्धन आणि दीर्घिकांचे नकाशे यांची सांगड घालून गुरुत्वसिद्धांताची परीक्षा घेता येईल, असे सुवोदीप मुखर्जी, बेंजामिन वँडेल्ट व जोसेफ सिल्क यांनी २०२० मध्ये मांडले. मुखर्जी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

या पद्धतीची पहिली अट म्हणजे स्रोताचे आकाशातील स्थान नेमके कळणे, आणि तेथे लायगो-इंडियाची गरज स्पष्ट होते. एकट्या शोधकाला दिशा जवळपास कळतच नाही. वेगवेगळ्या ठिकाणी लहर पोचण्याच्या वेळांतील फरकावरून ती काढावी लागते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिसळलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांची लहर अमेरिकेतील दोन लायगो शोधकांनी टिपली. केवळ त्यांच्या आधारे तिचे स्थान सुमारे १९० चौरस अंशांत कोठेतरी होते. इटलीतील व्हर्गो शोधकाची भर पडताच ते सुमारे ३० चौरस अंशांवर आले आणि काही तासांतच मूळ दीर्घिका सापडली. अमेरिकेतील दोन शोधकांमधील अंतर सुमारे ३,००० किलोमीटर आहे व लहर ते १० मिलिसेकंदांत ओलांडते. औंढा नागनाथपासून त्या दोन्ही ठिकाणांची सरळ अंतरे १०,५०० ते ११,५०० किलोमीटर असल्याने वेळेतील फरक ३५ मिलिसेकंदांहून अधिक असू शकतो. वेळमापनाची अचूकता तीच राहिली, तरी दिशा तितक्याच पटीने चांगली कळते.

भारतातील या क्षेत्राचा पाया आधीच घातला गेला होता. आयुकाचे संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ मध्ये गोंगाटात दडलेला लहरीचा संकेत जुळवणीने शोधण्याची रीत मांडली; आजच्या शोधपद्धती त्याच दिशेने विकसित झाल्या. पहिल्या लहरीच्या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच महिन्याच्या १७ तारखेला लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळण्यास मात्र एप्रिल २०२३ उजाडले. नांदेडपासून सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या या जागी प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा असलेला व्यतिकरणमापक उभा राहायचा आहे. नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे यात्रेकरूंना परिचित असलेला हा तालुका भूकंपीय गोंगाट कमी, समुद्र दूर आणि वर्दळ विरळ या कारणांनी निवडला गेला.

भूकंपीय गोंगाट कमी म्हणजे भूकंप नाहीत असे नव्हे. येथून सुमारे १७५ किलोमीटरवरील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपात लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी खुद्द हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. शोधकाला रोज त्रास देतात ती समुद्राच्या लाटा, वारा, रेल्वे व वाहने यांची अविरत सूक्ष्म कंपने. त्यांपासून वाचवण्यासाठी ४० किलो वजनाचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीवर टांगले जातात. मोठा धक्का बसला की काही काळ वेध बंद पडतात, इतकेच. इमारत व निर्वात नळ्यांची बांधणी मात्र किल्लारीचा अनुभव लक्षात घेऊनच व्हावी लागते.

लायगो-इंडिया सुरू होताच दुर्बल भिंगप्रभाव मोजू लागेल, असे समजणे चुकीचे ठरेल. आजच्या शोधकांच्या अंतरमापनात वीस-तीस टक्क्यांची अनिश्चितता नेहमीची आहे, तर दुर्बल वर्धनाचा परिणाम काही टक्क्यांचाच असतो. ज्यांची मूळ दीर्घिका ओळखता येते ते न्यूट्रॉन ताऱ्यांचे स्रोत सध्या इतक्या जवळचे मिळतात की, वाटेत भिंग म्हणून काम करील एवढे द्रव्यच नसते. प्रबल भिंगामुळे दोनदा ऐकू आलेल्या लहरीचा निर्विवाद पुरावाही अजून मिळालेला नाही. दुर्बल भिंगमापनासाठी युरोपात नियोजित आइन्स्टाइन टेलिस्कोप आणि अमेरिकेतील ४० किलोमीटर भुजांचा कॉस्मिक एक्सप्लोरर यांसारख्या पुढच्या पिढीची वाट पाहावी लागेल. स्थाननिश्चितीचे जागतिक जाळे, प्रकाशाचा क्वांटम गोंगाट एका बाजूने दाबण्याचे तंत्र आणि ही उपकरणे चालवणारी माणसे ही त्या पिढीची पूर्वतयारी असून औंढ्याच्या प्रकल्पाचे या विषयातील स्थान तेथे आहे.

## विदेची उपलब्धता

नांदेड-लातूरचे क्ष-किरण संशोधन स्वतःची दुर्बीण नसताना, चंद्रा वेधशाळेच्या खुल्या संग्रहातील विदेवर झाले. भिंगमापनाचा विदाही त्याच मार्गाने उपलब्ध होत आहे. हायपर सुप्रीम-कॅमचे अनेक विदासंच खुले आहेत. युक्लिडने १९ मार्च २०२५ रोजी ६३ चौरस अंशांचा पहिला विदासंच जगासाठी खुला केला आणि विश्वरचनाशास्त्रासाठीचा पहिला मोठा संच ऑक्टोबर २०२६ मध्ये नियोजित आहे. रुबिन वेधशाळेचा विदा प्रथम हक्कदार सहभागींना व दोन वर्षांनी सर्वांना मिळेल. तिच्या एका रात्रीच्या चित्रांचा आकार सुमारे २० टेराबाइट असल्याने तो महाविद्यालयातील संगणकावर उतरवून घेणे शक्य नाही. विश्लेषण विदा जेथे साठवला आहे तेथेच, जालावरून करावे लागते. प्रबल भिंगे ओळखण्याच्या कामात तर सामान्य नागरिकांनाही सहभागी करून घेतले गेले आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या आणि आयुकाच्या अनुप्रीता मोरे ज्याच्या प्रमुखांपैकी एक होत्या, त्या स्पेस वॉर्प्स प्रकल्पात हजारो स्वयंसेवकांनी चित्रे तपासून नवी भिंगे शोधून काढली. दुर्बल भिंगप्रभावात नजरेने ओळखण्याजोगे काही नसल्याने असा मार्ग तेथे उपलब्ध नाही. त्या कामाला संख्याशास्त्र, संगणनकौशल्य आणि वेगवान जालजोडणी लागते.